बिनमाणसाचं विमान

या हवाई तळाने आजवर इतकी सोंगं बदलली, की फाटकावरच्या पाटीचा रंग वाळायलाही उसंत मिळाली नाही. सगळा तळ ज्यांना मामा म्हणायचा, ते आगीच्या बंबावर कामाला लागले तेव्हा इथून बॉम्ब टाकणारी विमानं उडायची. आत सहा-सहा माणसं. मग लढाऊ विमानं आली, आत एकटा जीव. पुढे अवजड विमानं पुरात अडकलेल्यांना धान्य नि घोंगड्या टाकायला जाऊ लागली. मधली काही वर्षं काहीच उडत नव्हतं. तेव्हा साहेबांच्या बायका धावपट्टीवर मोटार शिकल्या, आणि बंबाला खरं काम तेव्हाच पडलं, असं मामा डोळे मिचकावून सांगत. आता ड्रोन आले होते. आत कोणीच नाही.

सोंगं बदलली तरी मामांचं काम एकच राहिलं होतं. विमान पेटलं, की काच फोडून आतल्याला बाहेर काढायचं. नव्या नियमाने नेमकं तेच गेलं. ड्रोन पेटला तर लांबून फेस मारायचा, जवळ जायचं नाही. अग्निशमन दलाच्या तरुण साहेबाने हा नियम मामांना वेगळा बोलावून वाचून दाखवला, कारण जुनं खोड त्याला ठाऊक होतं. मामांनी निमूट मान डोलावली. निवृत्तीपर्यंत बचाव पथकातच राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मग एका दुपारी एका ड्रोनची चाकं उघडलीच नाहीत. तो पोटावर घासत आला आणि शेपटीकडून पेटला. बंब ठरलेल्या रेषेवर थांबला, फेस सुटला, आणि मामा कुऱ्हाड घेऊन ओरडत धावत सुटले. थेट नाकाशी गेले. तिथे काच असते. इथे नुसता गुळगुळीत पत्रा. मामा चक्रावले, पण हात थांबेना. दोन घाव बसले आणि नाकाखालच्या महागड्या कॅमेऱ्याचा चुरा झाला. तेवढ्यात साथीदारांनी त्यांना कॉलर धरून मागे ओढलं. कोणाला काढताय मामा, असं एकाने विचारलं, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

चौकशीत मामा एवढंच म्हणाले, की पाय आपोआप धावले साहेब. साहेब वाईट नव्हता, पण नियम त्याच्याही डोक्यावर होताच. मामांची रवानगी नळ्यांच्या कोठारात झाली. ते त्यांच्या जिवाला फार लागलं. त्यात भर म्हणून कॅन्टीनमध्ये थट्टा सुरू झाली, की शेगडी पेटवण्याआधी मामांना विचारा, आत कोणी आहे का.

काही दिवसांनी कोठारात गणवेशातली एक मुलगी आली. मामांच्या धाकट्या भाचीएवढी असेल. तो ड्रोन तीच उडवत होती, तळाच्या दुसऱ्या टोकाच्या बिनखिडकीच्या खोलीतून. तिने सांगितलं, की कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता. पडदाभर धूर होता, हातातलं काहीच चालत नव्हतं, आणि त्या धुरातून कुऱ्हाड घेतलेला एक माणूस सरळ तिच्याकडे धावत आला. त्याचे ओठ हलत होते, पण त्या कॅमेऱ्याला आवाज नाही. तेव्हापासून तिला झोप नव्हती.

"मामा, तुम्ही काय म्हणत होता?"

मामांनी हातातली नळीची गुंडाळी खाली ठेवली. आजवर बाहेर काढलेल्यांपैकी कोणीही हे विचारलं नव्हतं. त्यांना बोलायलाही संकोच वाटला.

"घाबरू नकोस, म्हणत होतो," ते म्हणाले. "मी आलोय."

मुलगी तिथेच नळ्यांच्या ढिगावर बसली आणि रडू लागली.