रेडिओ नको

"ताई, हा पत्रा मी कापणार नाही," अंबादास म्हणाला आणि हातातली पेन्सिल त्याने परत कानावर खोवली. "वाटल्यास दुसऱ्या गॅरेजला न्या. पण आधी माझं ऐका."

साकीनाक्याच्या त्या गल्लीत शेजारच्या गाळ्यातलं लेथ मशीन कानठळ्या बसवत होतं. प्रेमाताई आपल्या पांढऱ्या फियाटचं दार धरून उभ्या होत्या. बाहत्तर वर्षांची बाई, अंगावर इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. मुलुंडहून इथवर त्या स्वतः गाडी चालवत आल्या होत्या.

"रेडिओ मी आणलाय, स्पीकर आणलाय. तुला नुसता बसवायचाय," त्या म्हणाल्या.

"बसवू कुठे? बाकीच्या फियाटींना इथे डॅशबोर्डवर रेडिओसाठी भोक असतं. नसलं तर मालकाने नंतर पाडून घेतलेलं असतं. तुमच्या गाडीचा पत्रा कंपनीतून आला तसा अखंड आहे. चाळीस वर्षांत त्याला कोणी साधा स्क्रू मारला नाही. माझे वडील सांगायचे, कोचरेकर बाईंची गाडी म्हणजे कोरी वही."

"तुझ्या वडलांनी रेडिओ घ्या म्हणून माझं डोकं खाल्लं होतं."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता असल्या गाडीसाठी माणसं वेडी होतात. पवईचा एक पोरगा आहे, सुबोध. जुन्या गाड्यांचा नाद आहे त्याला. तुमचा फोन आला तेव्हाच मी त्याला कळवलंय. येईलच आता. बसा तुम्ही, चहा सांगतो."

प्रेमाताई स्टुलावर बसल्या. चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला. येताना गांधीनगरच्या पुलाखाली डाव्या बाजूने एक रिक्षा अंगावर आली होती. करकचून ब्रेक लागले. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं होतं, "ओ आजी, दिखता नहीं क्या?" खरंच दिसलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात सांगितलं होतं, कडेची नजर चालली आहे, आता लायसनच्या फॉर्मवर सही देणार नाही. लायसन या महिनाअखेर संपत होतं. रिक्षाचं त्यांनी अंबादासला सांगितलं नाही.

सुबोध आला तो मोटारसायकल नीट स्टँडवर न लावताच आत घुसला. तिशीचा असेल. डॅशबोर्डसमोर गुडघ्यावर बसून त्याने मोबाइलचा टॉर्च मारला आणि अखंड पत्र्यावरून बोट फिरवलं.

"मॅडम, हिचे कागद आहेत?"

प्रेमाताईंनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. बुकिंगची पावती, डिलिव्हरीचं पत्र, आणि सात वर्षांनी नंबर लागला तेव्हा भरून दिलेल्या फॉर्मची कार्बन कॉपी. त्यावर शाईच्या पेनाने लिहिलं होतं, 'रेडिओ नको'. नकोखाली दोन रेघा.

"हे तुमचं अक्षर?"

"माझंच."

"माझ्या पाहण्यात अशी एकही नाही. आईशप्पथ, एकही नाही! पण का हो? रेडिओसाठी तेव्हा लायसन लागायचं म्हणून? की पैसे वाचवायला?"

सगळ्यांना तेव्हा हेच वाटलं होतं. गाडी मुलुंडच्या कंपाउंडमध्ये शिरली, नारळ फुटला, आणि आईने आत डोकावून कपाळाला हात लावला होता. "गो प्रेमा, एवढी मोठी गाडी घेतलंस आणि रेडियो नाय? खुळी काय गो तू?" भाऊ शिवदास तर महिनाभर हसत होता. बिनलग्नाची बहीण, टेलिफोन ऑपरेटर. हौस केली तीही अर्धवट, असं नातेवाइकांत बोललं जायचं. प्रेमाताईंनी कोणालाच उत्तर दिलं नव्हतं. या मुलाला मात्र द्यावंसं वाटलं. कदाचित त्याने थट्टेने विचारलं नव्हतं म्हणून.

"मी ट्रंक बोर्डावर होते," त्या म्हणाल्या. "रोज आठ तास कानावर हेडसेट. गावाहून फोन, गावाला फोन. कोणाचं बाळंतपण, कोणाचा दहावा, कोणाचं भांडण. मधे बोलायचं नाही, पण लाइन चालू आहे ना ते बघायला ऐकावं तर लागायचंच. घरी यावं तर दोन खोल्यांत सात माणसं, त्यात रेडिओ, वर शेजाऱ्यांचा रेडिओ. रात्री झोपले तरी कानात 'हॅलो, हॅलो' चालायचं. मग ठरवलं, आपली एक खोली हवी. मुंबईत खोली कुठली मिळायला? गाडी बुक केली."

अंबादासने शेजारच्या लेथवाल्याला हाक मारून मशीन बंद करायला सांगितलं होतं. ते बंद झालं.

"ड्युटी संपली की यायचे, कंपाउंडमध्ये गाडी लावायचे आणि काचा वर करून अर्धा तास बसायचे. घरच्यांना वाटायचं, ट्रॅफिक होतं. नंतर कळलं सगळ्यांना. पण कोणी काच वाजवायला आलं नाही. बिल्डिंगमधली पोरं खेळता खेळता गाडीला वळसा घालून जायची. प्रेमाआत्या बसलीय, आवाज करू नका."

"मग आता रेडिओ कशाला?" सुबोधने विचारलं.

प्रेमाताईंनी रिकामा ग्लास खाली ठेवला. त्याच दोन खोल्यांत आता त्या एकट्या होत्या. आई गेली त्याला वीस वर्षं झाली. शिवदास चार वर्षांपूर्वी गेला, वहिनी गेल्या मार्चमध्ये. भाची श्रुतिका बंगळुरूला. ती रविवारी फोन करायची, पण तिच्या घाईत, एका हाताने काहीतरी आवरत.

"ताई, घरी लावा ना रेडिओ," अंबादास म्हणाला. "किंवा मी एक ब्लूटूथची डबी देतो, ती ठेवा गाडीत. पत्रा कशाला कापायचा?"

"घरी लावला होता. घरात लावला की घर किती मोकळं आहे तेच ऐकू येतं रे." त्या थांबल्या. "आणि डबी मला लावता येत नाही. बटण हवं. फिरवलं की माणूस बोलायला लागलं पाहिजे."

मग प्रेमाताई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एकदा मालवणहून एक म्हातारी लाइनवर होती. इकडे परळला मुलगा. वडील गेल्याचं आदल्या दिवशी तारेने कळलेलं. कॉल जोडला तर दोघं काही बोलेचनात. नुसता श्वास. तीन मिनिटं झाली तेव्हा नियमाप्रमाणे मी मधे गेले, 'वाढवायची का वेळ?' म्हातारी म्हणाली, 'वाढव गो बाय.' पुढची तीन मिनिटंही तशीच गेली. मला तेव्हा वाटायचं, शांतता म्हणजे हीच. ती मला गाडीत मिळते. पण त्या दोघांच्यात तारेच्या पलीकडे कोणीतरी होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. फार उशिरा आलं."

सुबोध उभा राहिला. गुडघ्यावरची धूळ झटकायलाही विसरला. "काकू, मी गाडी घ्यायलाच आलो होतो. तुम्ही म्हणाल ती किंमत देईन. पत्रा कापलात तर मात्र ती बाकीच्या फियाटींसारखीच एक होईल."

"होऊ दे की. चारचौघींसारखी."

त्याने वाद घातला नाही. अंबादासने अजून एकदा दोघांकडे पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि पत्र्यावर चौकोन आखला. रेषा दोनदा पुसून पुन्हा काढली. करवतीचं पातं पत्र्यात शिरलं तेव्हा सुबोधने तोंड फिरवलं, पण टॉर्च धरलेला हात हलू दिला नाही. प्रेमाताई शेवटपर्यंत बघत होत्या. कापलेला तुकडा गरम होता. तो फडक्यात घेऊन अंबादासने पुढे केला.

"तो मला द्याल?" सुबोध म्हणाला.

"घे," त्या म्हणाल्या. "काय करणार त्याचं?"

"माहीत नाही."

चार वाजता काम झालं. प्रेमाताईंनी किल्ली अंबादासच्या हातावर ठेवली. "तू चालव. मला सोड आणि रिक्षाने परत ये." का, ते त्याने विचारलं नाही. पवईच्या तलावावरून जाताना त्याने गाडी इतकी सावकाश घेतली की मागच्यांनी हॉर्नचा गजर केला. प्रेमाताईंनी एकदाही स्टिअरिंगकडे बघितलं नाही.

संध्याकाळी सहाला त्या खाली उतरल्या, नेहमीच्या जागी उभ्या असलेल्या गाडीत स्टिअरिंगपुढे बसल्या आणि बटण फिरवलं. खरखर झाली. मग एक तरुण मुलगी भरभर बोलायला लागली, घाटकोपरला कुठे ट्रॅफिक आहे, आज कोणाचा वाढदिवस आहे. मग गाणं लागलं. गाणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांनी काच खाली केली.

तिसऱ्या मजल्यावरचे श्यामसुंदर देसाई कंपाउंडमध्ये फेऱ्या मारत होते. बँकेतून रिटायर झाल्यापासून रोज मारायचे, आणि गाडीपाशी आले की शहाण्यासारखे वळसा घालून जायचे. आज त्यांचे पाय थांबले.

"रेडिओ बसवलात?"

"हो. आजच."

"बातम्या लागतात का हो यावर?"

"सात वाजता लागतील. बघू."

"बरं." ते घुटमळले. खिशातला रुमाल काढून त्यांनी मान पुसली. "माझ्या दोन फेऱ्या राहिल्यात अजून."

"मारा ना. मी आहे."

ते पुढे निघाले. मीटर बॉक्सपाशी वळून दिसेनासे होईपर्यंत प्रेमाताई आरशात बघत राहिल्या. मग डाव्या सीटवरची पर्स उचलून त्यांनी मागे टाकली, पदराने सीट पुसली, वाकून पलीकडच्या दाराची खिट्टी वर केली आणि रेडिओचा आवाज थोडा कमी करून बसल्या.