तिसरी हाक

"हात वर करून भागत नाही. तोंडाने ओ दे. मला ऐकू यायला पाहिजे."

सातवीत सुलोचनाबाई हजेरी घ्यायच्या, तेव्हा हे रोज माझ्याच वाट्याला यायचं. माझा आवाज लहानपणापासून बारीक. मी नुसता हात वर करायची. मग शेजारची रत्नमाला वर्ग दणाणून सोडायची, "हजर हाय थे, बाई!"

त्याच वर्षी शाळेत लढाईचा सिनेमा आला. गाडीतून मशीन उतरवली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि दोन धोतरं जोडून केलेला पडदा ताणला. शिवण नेमकी मधोमध होती. घोडे तिथवर आले की त्यांची मान मोडल्यासारखी दिसायची आणि पोरं खिदळायची. शेवटाला मात्र कोणी हसलं नाही. जुन्या काळातली गढी, तीन दिवसांचा वेढा. सकाळी धूर निवल्यावर एक म्हातारा सुभेदार कागद धरून नावं पुकारतो. उत्तर नाही. पुढचं नाव. नाही. प्रत्येक नावानंतर तो मान कलती करून ऐकत उभा राहतो. कागद संपता संपता, मेलेल्यांच्या ढिगातून फाटका आवाज येतो, "हजर." सुभेदार तिथेच मटकन खाली बसतो.

घरी येताना तलावाच्या पाळीवर रत्नमालाने माझा हात धरला.

"मी पुकारलं त ओ देशीन?"

"देईन."

"तोंडानं? हात वर केलेला नाही चालणार."

"तोंडानं."

"मरून गेली तरी?"

"तरी."

"मंग त मीच पळीन वो, भिऊन!" म्हणाली आणि पाळीवरून खरंच पळत सुटली.

रत्नमाला हरवली त्याला आता दोन रात्री झाल्या.

शाळेनंतर आम्हा दोघींना लग्न करून दिलं तेही साकोलीकडच्या एकाच गावात. तिचं घर विहारामागे, माझं मारुतीच्या देवळापाशी. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला सोबत जायचो. जंगलात बाया एकमेकींना हाका मारत राहतात, म्हणजे कोणी एकटी पडत नाही. रत्नमालाची हाक एकच, सिनेमातली. "हजर का वो?"

मी मात्र तोंडाने ओ देत नव्हते. तेरा वर्षांपूर्वी माझी टीना काविळीने शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा देवापुढे बोलले होते: पोर वाचली तर रोज सूर्य वर आल्यावर पूजा करून दिवा लावीन, आणि तोवर तोंडातून शब्द काढणार नाही. टीना वाचली. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटेच निघावं लागतं, पूजा परतल्यावर होते, म्हणून मौनही लांबतं. रत्नमालाच्या हाकेला मी पाणी न्यायच्या पत्र्याच्या डबकीवर काठीने दोन ठोके देत असे.

"तुझे देव सकाळी झोपून राह्यते का वो?" ती चिडवायची. "बोललीस त उठून बसतीन?" पण कोणी दुसरी हसली की तिच्यावरच उखडायची, "तुले काय करा लागते? तिची पोरगी हाय."

परवा दोन हाका आल्या, मी दोनदा ठोके दिले. तिसरी हाक लांबून आली, टेकडीच्या मागून. बाकीच्या बाया नाल्याकडे होत्या, त्यांना ती ऐकू गेली नसणार. मी ठोके दिले. ते तिथवर पोचणार नाहीत हे मला कळत होतं. तोंड उघडलं आणि टीनाचं पिवळं पडलेलं तोंड समोर आलं. मी तोंड मिटलं. पुन्हा ठोके दिले, जोरात, डबकीला पोचा पडेपर्यंत.

हाक परत आली नाही.

जंगलाच्या कडेला बाया जमल्या, रत्नमाला नव्हती. "तुले तिची हाक आली होती काय वो, आखरीले?" कोणीतरी विचारलं. माझं मौन चालू होतं. मी मान हलवली. नाही.

का हलवली? हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग ओ काहून नाही दिला?

नाल्यावर तिचं पत्त्याचं गाठोडं सापडलं, जवळच वाघाचे पंजे. तेव्हापासून सगळे नाल्याच्या अंगानेच शोधताहेत. काल डोमा, आमच्या गावचा वनमजूर, ओसरीवर येऊन पाणी प्याला. म्हणाला, "रगताचा थेंब नाही, घसटल्याची खूण नाही. वाघानं नेली नाही तिले. कुठंतरी पडून असन. पण या उन्हात, पाण्याबिगर..." पुढचं त्याने पाण्यासोबत गिळलं.

दुपारी खुशबू आली. रत्नमालाची पोरगी. डोळे सुजलेले.

"मावशी, आईनं आखरीले तुमाले एकदाबी हाक नाही मारली?"

तेव्हा माझी पूजा झाली होती. बोलायला मोकळी होते. मी तोंडाने म्हणाले, "नाही, बेटा."

रात्रभर ते एक वाक्य कानात फिरत राहिलं. माझे ठोके पोचले नाहीत म्हणून ती मलाच शोधायला टेकडीमागे आणखी आत गेली असेल. मान कलती करून उभी राहिली असेल. माझ्या नावापुढे उत्तर आलं नसेल.

आज पहाटे अंघोळ करून देवापुढे बसले. बाहेर अंधूक उजाडत होतं. उन्हाच्या आधी माणसं शोधायला निघतात. पारापाशी त्यांचा आवाज येत होता. आजही नाल्याकडेच जाणार. सूर्य वर यायला अजून तासभर, आणि माणसं तेवढी थांबायची नाहीत. रत्नमाला तर त्याहून नाही.

वात भिजवलेली होती. काडीपेटी हातात होती. मी ती परत कोनाड्यात ठेवली. देवाला म्हणाले, मनातच, टीनाचं काही वाईट करू नकोस, माझं कर. उत्तराची वाट पाहिली नाही.

पोचा पडलेली डबकी भरून घेतली. विहाराच्या गल्लीत खुशबू उंबऱ्यावर बसली होती.

"बेटा," मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "खोटं बोलली मी. हाक आली होती. टेकडीमागून. तीनदा पुकारलं तिनं, तिसरी हाक तिकडून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आभाळाकडे. "मावशी, सूर्य नाही निघाला अजून. तुमी बोलून राह्यल्या."

"डोमाले सांग, तिकडं या म्हणून. मी पुढं होते."

ती पाराकडे पळाली. मी चपला घातल्या आणि टेकडीच्या वाटेला लागले.