हवालदारांचा आखडलेला हात

थायरॉइडच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले आणि हवालदार पुन्हा चौकात वाहतूक आवरायला उभे राहिले. दवाखान्यातून निघताना कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या होत्या, रोज सहा. पण खडूएवढी ती गोळी घशाखाली उतरेना, तेव्हा बायकोची नजर चुकवून हवालदार गोळ्या कुंडीतल्या मातीत पुरू लागले. ओठांना मुंग्या यायच्या, त्याचं खापर त्यांनी दाढीच्या नव्या साबणावर फोडलं.

त्या सकाळी एक टेम्पो सिग्नल तोडून घुसला. हवालदारांनी लागोपाठ दहा-बारा शिट्ट्या जीव खाऊन फुंकल्या आणि बाकीच्यांना थांबवायला हात वर केला. बघता बघता मनगट वाकलं, बोटं एकमेकांना चिकटली, अंगठा आत वळला. बोटं काही केल्या उघडेनात. असली खूण कुठल्याच नियमात नव्हती, त्यामुळे ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. रिक्षावाला पुढे आला, बसचा ड्रायव्हर मागे जाऊ लागला, आणि चौक पार तुंबला.

स्कूटरवरून एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई उतरल्या. त्यांनी हवालदारांच्या गळ्यावरचा, कॉलरआडून दिसणारा ताजा व्रण पाहिला आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का, एवढंच विचारलं.

"अगदी वेळेवर," हवालदार म्हणाले.

बाईंनी कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली. हवालदारांच्या ओठाचा कोपरा आपोआप उडाला. भर चौकात पोलिसाच्या गालावर टिचक्या पडताना पाहून बसमधली माणसं खिडक्यांना चिकटली.

"ओठ वेगळंच सांगतोय," बाई म्हणाल्या. "थायरॉइडच्या ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम घटू शकतं, आणि ते घटलं की नसांना धरबंद राहत नाही. त्या विनाकारण हुकूम सोडतात आणि स्नायू आखडतात. त्यात तुम्ही शिट्ट्या फुंकून श्वास वाढवलात, त्याने आखडणं आणखी बळावलं."

हवालदारांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. ज्या बसवाल्याला त्यांनी चार वेळा झापलं होतं, त्यानेच त्यांना पुढच्या सीटवर बसवून इस्पितळात पोचवलं. वाटेत प्रत्येक वळणावर तो हात दाखवत होता, आणि हवालदारांना एक चूक सापडली नाही.

शिरेतून कॅल्शियम दिल्यावर बोटं हळूहळू सुटली. बायको आली. किती दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, ते तिने विचारलं.

"अकरा."

ती रागावली नाही. शेजारी बसून त्यांचं एकेक बोट चोळत राहिली. डॉक्टर आता चावून खायच्या गोळ्या देणार होते, हे सांगायचंही हवालदारांना सुचलं नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना फार वाटत होतं.