गार इंजिनाची कटकट

मंगरूळपीरला वाशीम रोडवर रामधन यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. बत्तीस वर्षं झाली. एके काळी त्यांची ख्याती अशी होती, की गाडी दुकानासमोर थांबायच्या आत ते आतून ओरडून सांगायचे, "सेल्फचे कार्बन गेले तुये!" नाहीतर, "बेल्ट ढिला हाय, बावा!" हातात मीटर घ्यायची वेळ क्वचितच यायची. निम्मं काम त्यांचे कानच करायचे.

ते कान दोनेक वर्षांपासून उतरत चालले होते. आधी बारीक आवाज गेले, मग हळूहळू माणसांचं बोलणं. रामधन यांनी कोणालाच सांगितलं नाही. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे पाहून ते अंदाजाने मान डोलवत आणि सगळी भिस्त मीटरवर ठेवत. त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईंना, हे सगळं ठाऊक होतं. फोन वाजला की त्या तो उचलून मुकाट त्यांच्या हातात देत. न्हाणीघराच्या दारावर थाप मारण्याऐवजी बाहेरून दिवा दोनदा चालूबंद करत. पण त्यांनीही विषय काढला नव्हता.

डिसेंबरात थंडी पडली आणि वैभवीची व्हॅन त्रास देऊ लागली.

वैभवी तिशीची. गावाबाहेर चार कोसांवर तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, किशनचा, भाजीचा मळा होता. किशन मळा बघायचा आणि ही रोज पहाटे मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी भरून डिझेल व्हॅन वाशीमच्या मंडीत न्यायची. पहिल्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा साडेअकरा वाजले होते.

"काका, सकाळी गाडी चालूच होत नाही. पाच-सहा वेळा सेल्फ मारा लागते. मागून पांढरा धूर निंघते, मंग कुठी धरते."

रामधन यांनी चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यांनी मीटर लावलं. बॅटरी साडेबारा व्होल्ट. डिझेल इंजिन गार असलं की त्याला आतून ऊब द्यायला हीटर प्लग असतात, ते चारही काढून तपासले. चारही ठणठणीत. टर्मिनल घासून, घट्ट करून त्यांनी गाडी परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच.

मग त्यांनी आपल्याकडची तपासलेली बॅटरी बसवून दिली. तरी तेच. वैभवी आता रोज संध्याकाळी गाडी विहिरीजवळच्या उतारावर लावायची आणि सकाळी किशनकडून ढकलून घ्यायची. किशनची कंबर धरली होती.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा दुर्गाबाई डबा घेऊन दुकानात आल्या होत्या.

"काका, राग नका मानू," वैभवी म्हणाली, "पण किशन म्हंते का आता गाडी इकूनच टाकू. अन् मी मागंबी सांगतलं तुमाले, सकाळी चावी फिरवली का डॅशबोर्डात कायतरी बारीक वाजते. दुपारी नाई वाजत."

रामधन यांनी मान डोलवली. "हो हो. टर्मिनल पुन्हा पाहून घेतो."

दुर्गाबाईंनी डबा खाली ठेवला. पोरीने पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट नवऱ्यापर्यंत एकदाही पोचलेली नाही, हे त्यांना कळलं. त्या रामधन यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलल्या, "गाडी सकाळी बिमार पडते, अन् तुमी तिले दुपारी तपासता. उद्या पाहाटे मळ्यात जाऊ. मीबी येतो."

"तू कायले? थंडी हाय."

"येतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं मोटरसायकलवर मळ्यात पोचले. मेथीवर दहिवर पडलं होतं. भरलेली व्हॅन उतारावर उभी होती आणि किशन कंबरेला मफलर बांधून तयारीत होता. रामधन यांनी पुढची सीट उचलली. तिच्याखालीच इंजिन होतं. त्यांनी हात लावून पाहिला; बर्फासारखं गार.

"लाव," ते म्हणाले.

वैभवीने चावी अर्धी फिरवली. हीटरचा नारिंगी दिवा लागला.

"थांब पोरी!" दुर्गाबाई खिडकीतून डोकं आत घालून ओरडल्या. "सेल्फ मारू नको. वाजून राह्यलं."

रामधन त्यांच्याकडे बघत राहिले. वैभवी, किशन, सगळेच बघत होते. मान डोलवून भागणार नव्हतं.

"मले नाही आयकू येत, दुर्गा," ते म्हणाले. "लय दिवस झाले."

"मले ठाऊक हाय. म्हणून तर आलो."

एवढं बोलून त्या थांबल्या नाहीत. "कटकट-कटकट करून राह्यलं. पाल चुकचुकते तसं, पण दम न घेता." शब्दांनी समाधान झालं नाही म्हणून त्यांनी रामधन यांचा हात ओढला, तळवा उघडला आणि कानावर पडेल तसं बोटाने त्यावर वाजवू लागल्या. टकटकटक, थोडं थांबून पुन्हा टकटकटक.

रामधन यांनी डोळे मिटले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"रिले!" ते म्हणाले. "रिले नाचून राह्यली!"

त्यांनी डॅशबोर्डाखाली हात घालून रिलेच्या, म्हणजे हीटरला करंट जोडून देणाऱ्या खटक्याच्या, डबीवर बोट ठेवलं. डबी बोटाखाली थरथरत होती. जी रिले एकदा 'कट' वाजून धरून ठेवायला हवी, ती धरत होती आणि सोडत होती.

"काका, मंग रिले खराब झाली का?" वैभवीने विचारलं, या वेळी त्यांच्याकडे तोंड करून.

"नाही बाई. तिले अर्थिंग भेटत नाही; तिचंबी अर्थिंग इंजिनातूनच हाय. हीटरचा करंट इंजिनातून अर्थिंगच्या पट्टीनं बॅटरीत परत गेला पाह्यजे. पट्टी खराब असंन तर करंट जाते कुठून? तटते. इकडे तटला का रिलेचा जोर जाते, थे सुटते. सुटली का पुन्हा धरते. हीटर काही तापत नाही. इंजिन गरम असलं का गाडीले हीटरची गरजच नाही, म्हणून दुपारी मले काई दिसत नव्हतं."

त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट इंजिनाला लावली. "आता मार सेल्फ."

सेल्फ कण्हत फिरला. मीटरवर जिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं, तिथे अडीच व्होल्ट दिसले. रामधन यांनी इंजिनापासून पेडलपर्यंत जाणाऱ्या एक्सिलेटरच्या तारेला हात लावला आणि दुर्गाबाईंचाही हात धरून तिथे नेला. तार कोमट झाली होती.

"पाह्य, सरकारी रस्ता बंद हाय म्हणून करंट धुऱ्यानं, बांधाबांधानं चालला."

मग त्यांनी पिशवीतून जाड जंपर वायर काढली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक इंजिनाला. वैभवीने पुन्हा चावी अर्धी फिरवली. दुर्गाबाई कान देऊन उभ्या.

"एकदाच वाजलं," त्या म्हणाल्या. "आता गप हाय."

"दहा मोज, अन् मार."

दहा मोजून वैभवीने सेल्फ मारला. अर्ध्या फेऱ्यात इंजिन धडाडून सुरू झालं. ना धूर, ना कण्हणं. किशनने कंबरेचा मफलर सोडून गळ्यात टाकला आणि हसला.

पट्टी गिअरबॉक्सच्या मागे, चेसिसला लावलेली होती. वरून पाहिली तर घट्ट, धड. बोल्ट खोलला तेव्हा आत गंजाची हिरवी-पांढरी बुरशी निघाली. जाताना ओली भाजी आणि येताना खताची पोती. दोन्हींचं पाणी फटीतून तिथेच ठिबकत होतं. रामधन यांनी जागा घासून लख्ख केली, नवी पट्टी टाकली, वर ग्रीस चोपडलं. वैभवी मंडीत उशिरा पोचणार होती, पण जाताना तिने दुर्गाबाईंच्या पिशवीत सांबाराच्या दोन जुड्या कोंबल्याच.

परतताना वाटेत रामधन यांनी मोटरसायकल एका लिंबाखाली थांबवली. मागे वळून म्हणाले, "तुले कधीपासून माहीत हाय?"

"दोन पोळे झाले त्याले."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी सांगसान म्हणून वाट पाहून राह्यलो."

"म्या नसतं सांगतलं."

"थे पण मले माहीत हाय," दुर्गाबाई म्हणाल्या. "पण आज सांगतलं ना. चाला आता, थंडी वाजून राह्यली."

संक्रांत झाल्यावर वैभवीनेच दोघांना आपल्या व्हॅनमधून वाशीमला कानाच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. मंडी उरकल्यावर ती बाहेर गाडीत थांबली. आत बऱ्याच तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरीण बाईंनी एक लहानसं यंत्र रामधन यांच्या कानात बसवलं, थोडं जुळवलं आणि दुर्गाबाईंना म्हणाल्या, "आजी, बोला काहीतरी यांच्याशी."

गेल्या दोन वर्षांत कितीतरी गोष्टी ओठांवर आणून दुर्गाबाईंनी तशाच गिळल्या होत्या. आता त्यांतली एकही आठवेना. त्यांनी पदर सावरला आणि सवयीने, घरात रोज बोलायच्या तशाच, म्हणाल्या, "सकाळपासून काई खाल्लं नाही तुमी! भूक लागली असंन!"

रामधन खुर्चीत दचकले. कानावर हात ठेवून त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते.

"अवं," ते म्हणाले, "एवढी वरडून काहून राह्यली? मी काय भयरा हाय?"