सूनबाईची खोली

मिस्त्रींनी ती खोली रंगवली ती निव्वळ प्रेमापोटी, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण त्या दिवशी जो तो त्यांना "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" एवढंच विचारत होता.

कुणीच सांगितलं नव्हतं. प्राणिसंग्रहालयातली मोडकी दारं, गळके नळ आणि कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या हे मिस्त्रींचं राज्य, आणि जिराफांचं घर हे त्यांच्या बायकोचं. तिला तिथे लहानथोर सगळे ताई म्हणत. दोघं रोज एकाच फाटकातून कामावर येत, पण फाटक ओलांडलं की ती उजवीकडे आणि हे डावीकडे. जिराफांत मिस्त्रींना काडीचा रस नव्हता. "लाकूड कसं, मोजलं की कळतं. तुझ्या जनावरांना मोजायचं तर आधी शिडी आणा," असं ते म्हणायचे आणि दर वेळी स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचे. ताई हसत नसत. त्यांनी तो विनोद लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ऐकला होता.

जिराफांच्या मादीचं नाव सूनबाई. दुसऱ्या गावच्या संग्रहालयातून तिला इथल्या दादासाहेब नावाच्या नरासाठी आणलं होतं, म्हणून सूनबाई. आता ती गाभण होती आणि तीही पहिलटकरीण. जिराफाचे दिवस भरायला पंधरा महिने लागतात, आणि ते सगळे महिने मिस्त्रींना जेवताना भाजीबरोबर सूनबाईचं पोट, सूनबाईची कास आणि सूनबाईचा रवंथ तोंडी लावायला होता.

"आपल्या लेकीच्या वेळी तू स्वतःकडे एवढं बघितलं नव्हतंस," ते म्हणत.

"लेकीच्या वेळी मला बोलता येत होतं. दुखलं तर सांगत होते मी. ही कुणाला सांगणार?"

यावर मिस्त्री आणखी एक भाकरी वाढून घेत. खरं तर बायको अशी बोलायला लागली की त्यांना ती फार आवडे. पण असलं काही तोंडाने बोलून दाखवायची सवय त्यांना नव्हती. त्यांचं प्रेम खिळे-हातोडीतून बाहेर पडायचं.

अशात ताईंच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. संग्रहालयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुशाल जाऊन या, अजून अवकाश आहे." निघताना ताई पिशवी भरता भरता सहज पुटपुटल्या, "त्या बाळंतपणाच्या खोलीकडे तर बघवत नाही. भिंतींचे नुसते पोपडे निघालेत." झालं! एरवी घरातला नळ गळतोय हे मिस्त्रींना दहादा सांगावं लागे. हे मात्र त्यांनी पहिल्या फटक्यात मनावर घेतलं.

त्यांनी भिंती खरवडल्या. फरशीवरची जुनी वाळू आणि पेंढा बाहेर काढून खोली फिनेलने धुतली, नवी पांढरी वाळू अंथरली. भिंतींना लोण्यासारखा फिकट पिवळा रंग दिला, तोही दोन हात. दाराच्या चौकटीची एक फळी सूनबाईने मान घासून घासून काळीकुळकुळीत केली होती. ती उचकटून फेकली आणि नवी, रंधा मारून गुळगुळीत केलेली बसवली. वर झगझगीत दिवा लावला. हवा चांगली होती, म्हणून जिराफ तेव्हा रात्रंदिवस बाहेरच्या आवारातच होते. ताईंच्या जागी बदलीवर आलेला हत्तींकडचा माणूस डोकावून "वा, मिस्त्री!" म्हणून गेला. मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ताई परतल्या त्या दिवशी हवेने रंग बदलला होता. गार वारा आणि चिकट रिपरिप सकाळपासून चालू होती. त्या पिशवीसकट घरी न जाता तडक जिराफांकडे आल्या, कुंपणापाशी थांबल्या आणि सूनबाईकडे बघतच राहिल्या. सूनबाई येरझाऱ्या घालत होती. जिराफ चालतो तेव्हा एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदमच उचलतो, त्यामुळे सगळं धूड होडीसारखं डुलतं. पण आज त्या डुलण्यात स्वस्थता नव्हती. शेपूट उचललेलं, कास तट्ट फुगलेली.

"आजच आहे," ताई म्हणाल्या आणि खोली उघडायला धावल्या.

मिस्त्री दारापाशी हात मागे बांधून उभेच होते. चेहऱ्यावर एक हसू होतं, ते त्यांना कसंबसं दाबून ठेवावं लागत होतं.

ताईंनी दार ढकललं. आधी नाकाने बघितलं, मग डोळ्यांनी. मग त्या तिथल्या पालथ्या बादलीवर मटकन बसल्या.

"अहो, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"तूच म्हणालीस ना, बघवत नाही म्हणून."

"मला बघवत नाही म्हटलं होतं! तिला नाही!"

ताई रागावून ओरडल्या असत्या तर मिस्त्रींना चाललं असतं. पण त्या हळू आवाजात सांगायला लागल्या. जिराफ नव्या गोष्टीला भितो. लांबून दिसणं आणि जे ओळखीचं नाही त्याच्या वाटेला न जाणं, यावरच तो जगत आलाय. परकी बादली वाटेत दिसली तरी सूनबाई अर्धा दिवस अडून बसते. या खोलीत तिने आपणहून पाऊल टाकावं म्हणून ताईंनी महिनोन् महिने घालवले होते. आधी नुसती मान आत, मग पुढचे पाय, मग सगळी सूनबाई. आता त्या खोलीचा रंग परका, वास परका, उजेड परका.

"मग बाहेर होऊ दे की बाळंतपण," मिस्त्री चाचरत म्हणाले. "जंगलात कुठे खोल्या असतात?"

"जंगलात माती असते. इथे दारापुढे फरशी आहे, ती पावसाने गुळगुळीत झालीय, आणि मागे उतारावर दगडगोटे. ती उभ्यानेच विणार. पिल्लू पुरुषभर उंचीवरून खाली पडतं, त्याचं त्याला काही होत नाही. पण पडल्यावर त्याला उभं राहायचं असतं. ओल्या फरशीवर ते लांबच लांब पाय दोन दिशांना फाकले की जांघेतून निखळतात. आणि जिराफाचं पिल्लू उभं राहिलं नाही, तर ते राहत नाही."

मिस्त्रींनी एकदा ओल्या फरशीकडे बघितलं, एकदा आपल्या भिंतींकडे.

डॉक्टरीणबाई पावसाचा कोट चढवून आल्या. वयाने लेकीएवढ्या, पण डोकं शांत. त्यांनी सांगितलं, "दोर लावायचा नाही, ढकलायचं नाही. एक लाथ बसली तर आपल्यातलं एक माणूस कमी होईल, आणि घाबरून पळाली तर ती आणि पिल्लू दोघंही जातील. आली तर स्वतःच्या पायांनी येईल."

ताईंनी बाभळीच्या कोवळ्या फांद्या दारात टांगल्या आणि जीभ टाळूला लावून नेहमीचा आवाज केला. सूनबाई आली. दारापाशी थांबली, मान खाली घेऊन डोकं आत घातलं. फिनेलचा वास येताच तिने नाकपुड्या मिटून घेतल्या, अगदी घट्ट, दारं लावावीत तशा. मग ती हातभर काळसर जीभ बाहेर आली, नव्या फळीला जरा टेकली, आणि सूनबाई अशी दचकून मागे सरली की तिचा मागचा खूर फरशीवरून सर्रकन घसरला. ताईंनी डोळे मिटले.

दोनदा, तीनदा तेच. ताई दर वेळी नवऱ्याकडे न बघता फांद्या नव्याने टांगत होत्या. मिस्त्रींना वाटलं, हिने चारचौघांत झाडाझडती घेतली असती तर फार बरं झालं असतं.

ते तिथून निघाले. शेपूट घालून पळाले असं हत्तींकडच्या माणसाला वाटलं, पण ते गेले होते मागच्या उकिरड्यावर. आपणच फेकलेला पेंढा त्यांनी उपसून काढला. सूनबाईच्या मुताने भिजलेला, लेंड्यांनी भरलेला, पावसाने आणखी कुजलेला. तो हातगाडीत भरून आणला, वर ती काळी फळी ठेवली. आधी झगझगीत दिवा काढला, मग नवी फळी उचकटून जुनी ठोकली. मग पेंढ्याचा पाणी घालून लगदा केला, आणि आपल्या हातांनी दिलेल्या त्या लोण्यासारख्या रंगावर पहिला गोळा थापला. खोटं कशाला बोला, त्यांच्या जिवाला लागलं. अशी एकसारखी भिंत त्यांनी आजवर कुणालाच काढून दिली नव्हती.

ताई दारात येऊन बघत राहिल्या. मिस्त्री सवयीने लगदा वरून खाली एकसारखा, कडा सांभाळून लावत होते.

"अहो, गिलावा करताय का? फासा कसंही!" त्या म्हणाल्या, आणि एवढ्या काळजीतही त्यांना हसू फुटलं. पदर खोचून त्याही आत शिरल्या. डॉक्टरीणबाईंनी बाह्या वर सारल्या. तिघांनी मिळून ती खोली मनसोक्त घाण केली. उरलेला पेंढा वाळूवर पसरला. खोलीला असा काही दर्प आला की हत्तींकडचा माणूससुद्धा नाक धरून लांब झाला.

"रंग चांगला जमला होता हो," ताई मधेच, भिंतीकडे बघत म्हणाल्या.

मिस्त्रींनी ओंजळभर लगदा उचलून नेमका तिथेच थापला.

सूनबाई पुन्हा दारात आली. या वेळी मिस्त्रींनी सगळ्यांच्या आधी बघितलं की तिच्या मागून दोन लहान खूर बाहेर डोकावत होते. तिने काळ्या फळीला नाक लावलं. नाकपुड्या उघड्या राहिल्या. जिभेने फळी चाटली, मान तिच्यावर घासली. पुढचे पाय आत आले. मग तिची नजर मिस्त्रींवर पडली आणि ती जागच्या जागी थिजली.

"तुम्ही जा," ताई ओठ न हलवता म्हणाल्या. "तिला तुम्ही हातोडी घेतलेलेच माहीत आहात."

हे सर्वांत कठीण होतं. मिस्त्री पाठीमागच्या छोट्या दाराने हलकेच बाहेर पडले आणि चाऱ्याच्या शेडमागे भिंतीला टेकून बसले. तिथून काही दिसत नव्हतं. नुसती पावसाची टिपटिप ऐकू येत होती. मनात येईल त्याला ते साकडं घालत होते. मग फरशीवर खूर वाजले. थांबले. पुन्हा वाजले, आणि पुढचा आवाज आलाच नाही. फरशीवर वाजणारे खूर वाळूवर वाजत नाहीत, एवढं समजायला त्यांना थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते एकटेच हसले.

किती वेळ गेला कोण जाणे. धप्पकन काहीतरी पडलं. ते उठले, बसले, पुन्हा उठले. तेवढ्यात ताई कोपऱ्यावर आल्या आणि त्यांचा हात धरून ओढत म्हणाल्या, "चला. फटीतून बघितलंत तर तिला दिसणार नाही, आणि तुमच्या अंगाला तिच्याच ओळखीचा वास येतोय."

छोट्या दाराच्या फटीतून त्यांनी बघितलं. वाळूवर ओलं, ठिपक्याठिपक्यांचं एक गाठोडं पडलं होतं. मऊ शिंगं डोक्यावर आडवी झोपलेली, टोकांना काळ्या केसांचे झुबके. सूनबाई लांब उभी राहून त्याच्याकडे, हे कुणाचं, अशा नजरेने बघत होती. गाठोडं हलत नव्हतं.

"पहिलटकरीण कधीकधी लाथ मारते," ताई कुजबुजल्या. "ओळखत नाही."

सूनबाईने पुढचा पाय उचलला. ताईंची नखं मिस्त्रींच्या तळहातात रुतली. जन्मभर जनावरांत वावरलेली ही बाई कशालाच भीत नाही, असं सगळे समजायचे. मिस्त्रीही समजायचे. आज ती त्यांचा हात सोडत नव्हती. भीती वाटली की हिने हात धरायचं ठिकाण मीच आहे, आणि इतकी वर्षं मी फाटकापासून डावीकडे जात राहिलो, हे त्यांना तेव्हा कळलं.

सूनबाईने तो पाय पिल्लाला हळूच टेकवला. ढोसलं. पिल्लाने कान फडकावला. मग ती उंचच्या उंच मान वरून खाली येत राहिली, येतच राहिली, आणि काळ्या जिभेने तिने त्याचं तोंड चाटायला घेतलं.

पिल्लू उठायला गेलं आणि कोसळलं. पुन्हा उठलं, मागचे पाय उभे, पुढचे दुमडलेले, आणि तोंडावर पडलं. वाळूने त्याचे पाय धरून ठेवले, फाकू दिले नाहीत. मग एकदम ते चारी पायांवर उभं होतं. झुलत होतं, पण उभं होतं. आईच्या पुढच्या पायांत त्याने दूध शोधलं, तिथे कुठलं दूध असणार! सूनबाई एक पाऊल पुढे सरली, आणि त्याचं तोंड आपसूक कासेशी आलं. चुटूचुटू आवाज यायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी हळूच टाळी वाजवल्यासारखं केलं. ताईंनी मात्र सगळ्यांदेखत मिस्त्रींच्या छातीत तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडायला लागल्या.

"अगं, अगं," मिस्त्री हात कुठे ठेवावेत ते न कळून म्हणाले, "शर्ट सगळा घाणीने माखलाय."

"असू द्या," ताई म्हणाल्या. तोंड काही वर केलं नाही.