लांबकान्या अटलांटिकवर

ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कोणत्याही बोटीत पाय ठेवायचा, तर एक शब्द जमिनीवरच सोडून यावा लागतो. ससा. तो इथे एकदाच लिहिला, आता पुन्हा नाही. त्या प्राण्याचं नाव काढायचं नाही, त्याचं चित्र आणायचं नाही, त्याच्या मांसाचा डबा तर स्वप्नातही आणायचा नाही. फारच अडलं तर ‘लांबकान्या’ म्हणायचं, तेही इकडेतिकडे बघून. जुन्या लाकडी जहाजांवर खाण्यासाठी नेलेल्या जिवंत लांबकान्यांनी म्हणे दोरखंड कुरतडले, फळ्यांच्या फटींत ठासलेला काथ्या कुरतडला, आणि जहाजंच्या जहाजं तळाला गेली.

हे सगळं एनोराला पाठ होतं. तरीही अटलांटिकच्या ऐन मधोमध, ‘ग्वेनिली’ नावाच्या तिच्या इवल्याशा शिडाच्या बोटीत, एक लांबकान्या होता. तिनेच आणला होता. टोपी घालून.

त्याचं नाव पिपो. राखाडी लोकरीचा, एनोराच्या आईने विणलेला. एनोराचं माहेर समुद्रापासून बरंच आत, कार्हेच्या बाजूला. तिकडच्या लोकांना समुद्र म्हणजे मासे येतात ती दिशा. त्या बिचाऱ्या आजीला काय कल्पना, की आपली नात एवढ्या लहानपणी बोटीवर जाणार आहे! तिने प्रेमाने हे लांबच्या लांब कान विणले, अंगापेक्षा लांब. आणि अडीच वर्षांची नाइग त्या पिपोला गालाखाली घेतल्याशिवाय डोळा मिटत नसे. एवढ्याशा बोटीत पोर झोपलं नाही तर कोणीच झोपत नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी एनोराने त्याचे कान दुमडून डोक्याला चापूनचोपून बसवले, वरून निळी खलाशाची टोपी शिवून टाकली, आणि लेकीला सांगितलं, “पिपो अस्वल आहे. कळलं? अस्वल.”

“अस्वल,” नाइग म्हणाली. तिला काय, अस्वल तर अस्वल.

ही सगळी लपवाछपवी सासऱ्यासाठी होती. गुल्वेनने उभा जन्म कॉन्कार्नोच्या ट्यूना पकडणाऱ्या बोटींवर काढला होता. मार्तिनिक बेटापर्यंत तो सोबतीला येणार, असं ठरलं ते तुदालमुळे, म्हणजे एनोराच्या नवऱ्यामुळे. एनोराला मार्तिनिकच्याही पुढे जायचं होतं. पनामा ओलांडून थेट पॅसिफिक, आणि तिथून जिथे वारा नेईल तिथे. तुदालचं मन मात्र हो-नाही, हो-नाही करत लंबकासारखं हलत होतं. शेवटी तो म्हणाला होता, “पापा बघेल आपल्याला. पोचल्यावर तो म्हणाला की पोरीला घेऊन पुढे जाण्यासारखं आहे, तर जाऊ. नाही म्हणाला, तर बोट विकायची आणि विमानाने घरी.” म्हणजे एनोराचा अख्खा पॅसिफिक सासऱ्याच्या एका शब्दावर टांगलेला. आणि सासऱ्याच्या नाकाखाली तो टोपीवाला.

पण प्रवास काय झाला म्हणता! व्यापारी वारे पाठीशी असे लागले की बोट झोपाळ्यासारखी डुलत पश्चिमेला पळत सुटली. डावीकडे कलायची, उजवीकडे कलायची, चहाचा कप सरकत यायचा आणि परत जायचा, आणि एनोराला दिवसभर उगाचच हसू यायचं. नाइग तर डुलण्यातच चालायला शिकल्यासारखी, बोट इकडे तर ती तिकडे. उडणारे मासे सकाळी बोटीवर येऊन पडायचे आणि गुल्वेन ते खाऱ्या लोण्यात परतायचा. आणि सगळ्यात मजा म्हणजे, त्याला ते अस्वल फार आवडलं. सुकाणूवर बसला की मांडीवर नाइग आणि शेजारी पिपो.

“हे अस्वल ऐकून घेतं हो,” तो म्हणायचा. “सल्ले देत नाही. आमच्या तुदालसारखं नाही.”

“पापा, मी ऐकतोय.”

“हेच. मध्ये बोलतोस.”

एनोरा स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तोंडावर हात दाबून हसायची, आणि टोपीचे टाके शाबूत आहेत ना, ते हळूच बघून घ्यायची.

मग एका सकाळी वारा पडला. पडला म्हणजे कोणीतरी दिवा मालवावा तसा. लाटा मात्र उरल्या, तेलकट, गोलगोल. शिडांत जोर नसल्यामुळे बोट नुसती लोळायला लागली. शीड फटाक करून इकडे, फटाक करून तिकडे. डबे खडखड, चमचे छनछन. एका जागी उभं राहून भोवळ यायची पाळी.

गुल्वेनने जुन्या खलाशांच्या रीतीप्रमाणे वाऱ्यासाठी डोलकाठी नखांनी खाजवली. वारा हलेना. मग त्याने सगळ्यांना समोर बसवलं.

“कोणीतरी काहीतरी केलंय. तुदाल, बोटीवर शीळ घातलीस?”

“नाही.”

“तो शब्द काढलास?”

“कोणता शब्द?”

“मी सांगू होय, गाढवा!”

एनोरा एकदम उठली. “मी नाइगला आंघोळ घालते,” असं म्हणून ती समुद्राचं पाणी भरलेली बादली घेऊन मागे गेली. तिच्या डोक्यात एवढंच, की त्या चौकशीतून सुटावं. पण आंघोळ म्हटल्यावर नाइगने पिपोलाही बादलीत बुडवलं. “अस्वलाला साबण,” ती म्हणाली आणि घासायला लागली. इतक्या दिवसांच्या उन्हाने, मिठाने कुजलेला टाका तेवढ्यात तुटला. टोपी निघून पाण्यावर तरंगू लागली, आणि एनोराचा हात पोचायच्या आत ते दोन कान पाणी उडवत टण्णकन सरळ उभे राहिले.



“हे...” गुल्वेन म्हणाला, “हे काय आहे?”

“कान!” नाइगने अभिमानाने सांगितलं.

तुदाल आधी खोकला, मग त्याने तोंड शिडाकडे वळवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

“मी याच्याशी बोलत होतो!” गुल्वेनचा आवाज चिरकला. “याला मी माझ्या आजाराचं सांगितलं! बायकोलाही न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या! आणि हा आतून... टोपी घालून...”

“पापा, तो लोकरीचा आहे,” एनोरा म्हणाली. “त्याला दात कुठे आहेत कुरतडायला?”

“तोंड वर करून बोलतेस! आणला कोणी? तू? तुझ्या त्या बटाट्यांच्या मुलखातून?”

“हो, मी. ही झोपत नाही त्याच्याशिवाय. आणि पापा, वारा होता की इतके दिवस! हा होता तेव्हाच तर होता!”

“तोवर त्याने टोपी घातली होती!” गुल्वेन ओरडला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळेना. मग तो गंभीर झाला, आणि ते जास्त वाईट होतं. “पोरी, मला फसवलंस याचं काही नाही. पण समुद्राला फसवायला निघालीस. अशा घराला मी पॅसिफिकला जा म्हणून सांगू? मार्तिनिकला उतरलो की माझं उत्तर नाही. नाही म्हणजे नाही.”

एनोराने तुदालकडे पाहिलं. तो आता हसत नव्हता. तो लंबक ‘नाही’कडे गेलेला तिला स्पष्ट दिसला.

मोठ्यांची तोंडं अशी उतरलेली, आणि नाइगला वाटलं आता कोणीतरी काहीतरी छान करायला हवं.

“पिपो पोहणार!” ती म्हणाली, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने त्याला कठड्याच्या जाळीवरून भिरकावून दिलं.

टप्प.

नाइगने टाळ्या वाजवल्या. पिपो पाठीवर तरंगत लांब जाऊ लागला, कान पसरून. एक टाळी, दोन टाळ्या, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो परत येत नाहीये. तिने जे भोकाड पसरलं ते मार्तिनिकपर्यंत गेलं असेल.

आणि त्या भोकाडासरशी गुल्वेनच्या आतलं, जन्मभर आत मुरलेलं काहीतरी फुटून बाहेर आलं.

“माणूस पाण्यात!”

मग विचार करायला कोणाला वेळच उरला नाही. हे शब्द ऐकले की काय करायचं ते हाडात भिनलेलं असतं. एनोराचा हात आपोआप उठला आणि बोट पिपोवर रोखलं गेलं. ज्याने पाहिलं त्याने बोट दाखवत राहायचं, पापणीसुद्धा लववायची नाही. तुदालने तरंगतं कडं सोडवून फेकलं. नेमकं पिपोशेजारी पडलं ते, पण पिपोने काही धरलं नाही.

“धर ना मूर्खा!” तुदाल ओरडला.

“त्याला हात नाहीत!” एनोरा ओरडली, बोट तसंच.

“अशक्त आहे, गार पडला असेल!” गुल्वेन म्हणाला. कमरेला दोर बांधून, त्याचं टोक मुलाच्या हातात कोंबून, तो उडी मारून मोकळाही झाला.

पाण्यात पडल्यावर त्याला आठवलं, की त्याला पोहता येत नाही. कॉन्कार्नोच्या जुन्या कोळ्यांना कोणालाच येत नाही. पण अंगातलं सुरक्षा-जाकीट पाणी लागताच फट्‌कन फुगलं, गळ्याशी दोन पिवळे फुगे आले, आणि त्यातून गुल्वेनचं लालबुंद तोंड बाहेर. हातपाय झाडत, शिव्या घालत, समुद्र पीत तो पुढे सरकला. कड्यापर्यंत पोचला. एका हाताने कडं, दुसऱ्याने पिपोचा कान.

“धरला!” तो गरजला. “ओढा! दोघांना ओढा!”

तुदालने दोर ओढला. पण त्याला असं काही हसू फुटलं होतं की दोर हातातून सुटू लागला, आणि एनोरालाही रोखलेलं बोट खाली घेऊन दोर धरावा लागला. तीही हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. शिडीवरून गुल्वेन वर आला, धपकन बसला. त्याच्या मांडीत पिपो, दोघांतून पाणी गळतंय. नाइग धावत येऊन दोघांना एकदम बिलगली.



मग गुल्वेनने खाली मांडीकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला, की एनोराला वाटलं, आता हा उठून पिपोला परत पाण्यात टाकणार.

“पापा,” ती हळूच म्हणाली, “समुद्रातून काढलेल्याला परत टाकतात का हो?”

“टाकतात?” तो खवळला. “कोण टाकतं? दाखव मला! लांबकान्याला बोटीवर घ्यायचं नाही, हा नियम. पण बुडत्याला बाहेर ठेवायचं नाही, हा त्याच्याही आधीचा नियम. माझ्या बापाने शत्रूच्या खलाशाला काढलं होतं, मांडीला मांडी लावून जेवला त्याच्याबरोबर.” मग तो तुदालवर घसरला. “बघत काय राहिलास? ब्लँकेट आण! बुडालेल्याला आधी कोरडं, मग गरम काही, मग प्रश्न.”

ब्लँकेट आलं. गरम सूप आलं. पिपोच्या वाट्याचं नाइग प्यायली. गुल्वेनने स्वतःसाठी सफरचंदाची दारू मागितली आणि एक थेंब पिपोच्या कानाला लावला.

“आता प्रश्न,” तो म्हणाला. “बुडालेल्याला जिथे जायचं होतं तिथे पोचवायचं असतं. काय रे, कुठे निघाला होतास?”

पिपो गप्प.

“मार्तिनिक,” तुदाल म्हणाला. “दुसरं कुठे जाणार तो?”

“तुला विचारलंय का? परत मध्ये बोलतोस. नाइग, तू सांग. तुझी ओळख आहे याच्याशी.”

नाइगने सुपाची वाटी खाली ठेवली, फार विचार केला, आणि हात लांब करून बोटीच्या टोकापलीकडे दाखवलं. “तिकडे. खूप तिकडे.”

“मार्तिनिकच्या पुढे?”

“पुढे. पुढे. पुढे.”

गुल्वेनने सुनेकडे पाहिलं. भिजलेल्या भुवयांखाली डोळे अगदी गंभीर, पण गालाची एक शीर उडत होती. “मार्तिनिकच्या पुढे काय येतं गं, पोरी?”

“पनामा,” एनोरा म्हणाली. “आणि मग पॅसिफिक.”

“बघा, म्हणजे माझा इलाजच नाही.” त्याने हात पसरले. “मी नाही म्हणून चालेल का? तुदाल, जावं लागेल रे तुम्हाला. आणि असल्या प्राण्याला तुमच्या दोघांच्या भरवशावर सोडून मी विमानात बसू? पनामापर्यंत तरी मला यायला हवं.”

“पापा, आई मारेल तुला,” तुदाल म्हणाला.

“तिला तू सांग. तू चांगलं मध्ये बोलतोस.”

एनोरा उठायला गेली, सासऱ्याच्या गळ्यात पडायला; पण बोट तेवढ्यात लोळली आणि ती त्याच्या ओल्या मांडीवरच जाऊन आपटली, पिपोवर, नाइगवर, सुपाच्या वाटीवर. कोणाला उठता येईना. वाऱ्याचा पत्ता नव्हता, शिडं फटाक इकडे, फटाक तिकडे, सगळं आकाश गरगरत होतं, आणि खाली अडकलेली नाइग आनंदाने ओरडत होती, “अजून! अजून!”