चौथं ताट

ओमप्रकाशला सैनिकी शाळेत घालायचं त्याच्या बापाच्या डोक्यात आलं, तेव्हाच मी बजावलं होतं, "आवं, दिवाळीला पोरगं वाळून आलं तर मी परत धाडणार न्हाई."

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. गाडी कुठेही वळवतील, स्वतःचा हट्ट वळवणार नाहीत. म्हणाले, "चौदा वर्षांचं घोडं झालंय अन् पाण्याचा पेला बी तुज्या हातून घेतंय. तिथं नीट व्हईल."

घोडं म्हणे! असेल, पण माझं होतं. जूनमध्ये ते गेलं आणि मी शिलाई मशीनवर बसून दिवस मोजत राहिले. ह्यांना न सांगता आमच्या गावच्या, मानवतच्या शाळेतल्या हेडसरांना गाठलं. "सर, नववीत एक जागा ठेवा. दिवाळीनंतर पोरगं परत येतंय."

सुट्टीला आला तो सकाळच्या गाडीने. केस बारीक कापलेले, गालफडं बसलेली, रंग रापलेला. ट्रंक त्याने स्वतःच आत आणली, बूट दाराशी जोडीने लावले. धाकट्या भक्तीचं विस्कटलेलं अंथरूण उचलून अशी सरळ घडी घातली की माझ्या हातूनही तशी पडत नाही. हे बघून माझा ऊर कौतुकाने भरून यायला हवा होता. मला मात्र तो घरी आलेला पाहुणा वाटायला लागला.

दुपारी भरली वांगी केली, त्याच्या आवडीची. तीन ताटं वाढली: बापाचं, त्याचं, भक्तीचं. तव्यावरची फुगलेली भाकरी आधी त्याच्या ताटात टाकली. बाप आणि भक्ती जेवायला लागले. ओम मात्र पाठ ताठ करून, हात गुडघ्यावर ठेवून नुसता बसलेला.

"जेव की रे."

"जेवतो. तू?"

"मी बसते मागून. तू जेव."

ती भाकरी गार झाली म्हणून दुसरी टाकली. तिलाही त्याने हात लावला नाही. तिसरी थापता थापता माझा तोल सुटला.

"बगा! जेवणावरची वासनाच उडाली पोराची! आता न्हाई जायचं तिथं. हेडसरांना बोलून ठेवलंय मी, इथं जागा हाय."

ह्यांचा घास हातातच राहिला. "मला न इचारता?"

"तुमी धाडताना मला इचारलं हुतं का?"

ओम घाबराघुबरा झाला. "आई, मला परत जायचंय. तिथं लय चांगलं हाय गं."

"मग जेवत का न्हाईस?"

"आमच्या मेसमधी शेवटचं ताट वाढल्याबिगर कुणी घास घेत न्हाई. मी थांबलोय."

"कुणासाठी? सगळे तर बसलेत."

"तुजं ताट कुठंय?"

माझं ताट कधी मांडलंच जात नव्हतं. सगळ्यांचं आटोपलं की पातेल्यात उरेल त्यात गार भाकरी कुस्करायची, झालं. माझी आई तशीच जेवायची, सासूही. मला कुणी बसू नको म्हटलं नव्हतं. बस म्हणूनही कुणी म्हटलं नव्हतं.

ओम उठला. फडताळातून चौथं ताट काढलं, पुसलं आणि स्वतःच्या शेजारी मांडलं. "आबा, तवा तुमी बगा."

ड्रायव्हरसाहेब चुलीपाशी आले. मी थापलेली भाकरी तव्यावर टाकतानाच त्यांनी तिचे दोन तुकडे केले, वर एका अंगाने करपवली. तीच माझ्या ताटात पडली.

लग्नाला सतरा वर्षं झाली. तव्यावरून थेट माझ्या ताटात आलेली ही पहिली भाकरी. बोटांना चटका बसला. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. मी घास घेतला, तेव्हा कुठे माझ्या लेकाने घेतला. मग त्याने चार भाकऱ्या कधी संपवल्या ते कळलंही नाही.

हात धुतले आणि आधी हेडसरांना फोन लावला.

"सर, नववीतली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका."